पायाळू

मराठीत ‘पायाळू’ असा एक जुना शब्द आहे. जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आले ते पायाळू. वयाच्या साठाव्या वर्षीही अशा माणसाची ही ओळख पुसली जात नाही. गावात कोणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाला बोलावून त्याची हलकी लाथ दुखऱ्या जागी मारून घ्यावयाची. कोठे गुप्तधन पुरले असल्याचा संशय आला तर पायाळूच्या डोळ्यांत अंजन घालून त्याला पाहावयास लावावयाचे. आणि पावसाळ्यात ढग गडगडू लागले की त्याला झाडाखाली उभे राहू द्यावयाचे नाही, कारण वीज त्याला हेरून येते. या समजुती कोकणात आहेत, देशावर आहेत, वऱ्हाडातही आहेत. जन्माच्या एका घटकेने माणसाच्या अंगी काही अलौकिक शक्ती आणि त्याबरोबर काही अलौकिक धोकाही चिकटतो, असा या सगळ्यांचा मथितार्थ.

ही कल्पना एकट्या महाराष्ट्राची नव्हे. रोमन लोकांत अशा मुलाला ‘अग्रिप्पा’ म्हणत, आणि प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पायांकडून जन्मणे हे निसर्गाच्या उलट असल्याचे सांगून सम्राट ऑगस्टसचा सेनापती मार्कस अग्रिप्पा याचे उदाहरण दिले आहे. शेक्सपिअरने तिसऱ्या रिचर्डला दुष्ट ठरविताना जी लक्षणे गोळा केली त्यांत तो पाय पुढे करून जगात आला, हेही एक आहे. कोठे पायाळू भाग्यवान, कोठे अभागी. पण तो इतरांसारखा नाही, याबद्दल सर्वांचे एकमत.

मात्र या सर्व समजुतींत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ज्याच्याकडून लाथ मारून घ्यावयाची तो पायाळू जगलेला असतो. जे पायाळू म्हणून जन्माला येता येताच गेले त्यांना नाव मिळाले नाही, आणि त्यांच्याविषयी समजुतीही निर्माण झाल्या नाहीत. जुन्या काळी अशी किती मुले गेली असतील याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. पायाळू माणसाकडे लोक कौतुकाने पाहत त्याचे एक कारण बहुधा हेच असावे की तो वाचला, हाच मुळी एक चमत्कार होता.

या उपेक्षित विषयाचा धागा हाती धरून मराठी इतिहासात हिंडावयाचे तर पुणे किंवा सातारा यांच्यापेक्षा दूरच्या तंजावराकडे जाणे अधिक सोयीचे. हे विधान थोडे चमत्कारिक वाटेल. तंजावर म्हटले की मराठी माणसाला बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो, सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, फार तर तेथील नाटके आणि कीर्तने आठवतात. बाळंतपणाच्या खोलीशी या वैभवाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे: एक गादीच्या बाजूने, दुसरा धर्मशाळेच्या.

गादीची बाजू अगोदर पाहू. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात जे राज्य स्थापिले ते १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे चालले. या राज्यावर मोगलांचे, अर्काटच्या नबाबाचे, फ्रेंचांचे आणि इंग्रजांचे संकट वेळोवेळी आले. परंतु त्याच्या नाड्या खऱ्या आखडल्या त्या वारसाच्या प्रश्नाने. दुसरा तुळजाजी १७८७ साली मृत्युशय्येवर पडला तेव्हा त्याला औरस वारस उरला नव्हता. त्याने भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे दुसरा सरफोजी म्हणून प्रसिद्धीस आला. कंपनीने पंडितांचा निर्णय घेऊन हे दत्तविधान अशास्त्र ठरविले, अमरसिंहाला गादीवर बसविले, आणि पुढे अकरा वर्षांनी काशीच्या पंडितांचे मत घेऊन तेच दत्तविधान सशास्त्र मानले. सरफोजी १७९८ साली गादीवर आला, आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने त्याच्याकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा प्रदेश एवढाच उरला. त्याचा मुलगा दुसरा शिवाजी १८५५ साली निपुत्रिक वारला. त्याला मुलगी होती. पण मुलीचा हक्क कंपनीने मानला नाही आणि राज्य खालसा केले. दोन पिढ्यांच्या अंतराने दोनदा एका राज्याचे भवितव्य पाळण्यावर टांगलेले होते. राजवाड्यातील बाळंतखोलीत जे घडे अथवा न घडे त्याचे पडसाद मद्रास आणि कलकत्त्यापर्यंत जात.

तरीही राजवाड्यात वैद्य कितीही असोत, बाळंतपण मात्र सुइणीच्या हाती होते. तमिळ भाषेत सुइणीला ‘मरुत्तुवच्चि’ म्हणतात. त्या शब्दाचा सरळ अर्थ वैद्यीण असा आहे, आणि गावोगाव हे काम परंपरेने नाभिक समाजातील स्त्रिया करीत असत. पुरुष केशकर्तन करी व फोडाफुटकुळ्या कापी, त्याची स्त्री बाळंतपणे करी. या स्त्रियांचे ज्ञान बोटांत होते. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ते जाई. कागदावर येत नसे. मराठी घरांतही निराळी स्थिती नव्हती. ‘बाई अडली’ या दोन शब्दांत ज्या रात्रीचे वर्णन होते ती रात्र तंजावरच्या मराठी वाड्यातही तीच आणि कावेरीकाठच्या शेतमजुराच्या झोपडीतही तीच.

अडलेल्या बाळंतिणीविषयी शास्त्रात मात्र लिहून ठेवलेले होते, आणि ते फार जुने होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘मूढगर्भ’ या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि चिकित्सास्थानात त्याच्या उपचाराचा दुसरा. प्रसूतीच्या वेळी गर्भ स्वभावतःच मस्तकाने योनीकडे येतो, असे सुश्रुत मानतो. जो तसा येत नाही तो मार्ग चुकलेला, म्हणून मूढ. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. खुंटीसारखा अडकतो तो कील, दाराच्या अडसरासारखा आडवा पडतो तो परिघ. पुढे गर्भ कोणकोणत्या अंगाने येऊ शकतो त्याच्या आठ तऱ्हा दिल्या आहेत. दोन्ही मांड्यांनी येणारा, एक मांडी दुमडून दुसरीने येणारा, कुल्ल्यांनी येणारा असे जे भेद त्यात आहेत, ते आजच्या प्रसूतिशास्त्रातील पायाळू गर्भाच्या भेदांशी आश्चर्य वाटावे इतके जुळतात.

त्याहून मोलाचे आहे ते उपचाराचे वर्णन. स्त्रीला उताणी निजवावे, मांड्या दुमडाव्या, कमरेखाली कापडाची उशी देऊन कंबर उचलून धरावी, हाताला तूप आणि सावरीसारख्या झाडांचा बुळबुळीत रस लावावा, आणि मग हात आत घालावा. मूल दोन्ही मांड्यांनी आले असेल तर त्याच दिशेने खाली ओढावे; एकाच मांडीने आले असेल तर दुसरी मांडी सरळ करून मग काढावे; कुल्ल्यांनी आले असेल तर कुल्ले वर लोटून पाय मोकळे करावे आणि मग काढावे. गर्भ जिवंत असताना त्याच्यावर शस्त्र कदापि चालवू नये, कारण त्याने आईही जाईल आणि मूलही जाईल, अशी स्पष्ट ताकीद आहे. गर्भ मेला असेल तर टोकदार शस्त्र न वापरता गोल तोंडाचे ‘मंडलाग्र’ वापरावे, म्हणजे स्त्रीला इजा होणार नाही. मूढगर्भ काढण्याइतके कठीण दुसरे काम नाही, असे सुश्रुत सांगतो, कारण हे सारे डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने, नाजूक अवयवांच्या मध्ये करावयाचे असते. म्हणून वैद्याने हे काम हाती घेण्यापूर्वी अधिपतीची परवानगी मागावी. दोन जीव ज्यात जाऊ शकतात त्या कामाची जबाबदारी एकट्या वैद्याच्या शिरावर नसावी, असा तो व्यवहार होता.

हे ज्ञान ग्रंथात राहिले आणि हात मात्र सुइणीचे राहिले. मधल्या शतकांत शस्त्रक्रिया करणारा वैद्य हळूहळू दिसेनासा झाला. ज्याला संस्कृत येत होते तो बाळंतखोलीत जात नव्हता, आणि जी बाळंतखोलीत जात होती तिला संस्कृत येत नव्हते. आपल्याकडील वैद्यकाच्या इतिहासातील ही फार मोठी फूट आहे.

ती फूट सांधण्याची साधने तंजावरात सरफोजीच्या काळी एका छपराखाली येऊ लागली होती. सरफोजी हा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली शिकलेला राजा. त्याला संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगु यांच्याबरोबर इंग्रजी उत्तम येई. बिशप हेबर १८२६ साली तंजावरास आला तेव्हा लाव्हाझिए, लिनीअस आणि ब्युफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा आणि शेक्सपिअरच्या काव्याची पारख करणारा हा हिंदू राजा पाहून तो चकित झाला. राजकारणाची दारे बंद झाल्यावर सरफोजीने आपले मन आणि आपले तनख्याचे द्रव्य विद्येकडे वळविले. सरस्वती महालात त्याने चार हजारांवर युरोपीय ग्रंथ जमविले; त्यांत शारीर आणि वैद्यक यांची पुस्तके होती. आपल्या ‘धन्वंतरि महाल’ या संस्थेत त्याने आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र आणले, औषधे तयार करविली, ती रोग्यांना देऊन पारखली आणि गुणकारी ठरलेले योग ग्रंथबद्ध केले. ‘शरभेंद्र’ या नावाने पुढे जी वैद्यकमाला तमिळमध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात गर्भिणी आणि बालक यांच्या रोगांनाही जागा मिळालेली आहे.

या संस्थेचे वैशिष्ट्य औषधांपेक्षाही टिपणांत आहे. नेत्ररोग्यांची चाळीसहून अधिक टिपणे ग्रंथालयात जपली गेली आहेत. रोग्याचे नाव, वय, तक्रार, केलेला उपचार आणि नंतर काय झाले ते त्यांत नोंदलेले आहे. सोबत रोगी डोळ्याची रंगीत चित्रे आहेत. उपचार केला आणि विसरला, असे येथे नाही. उपचारानंतर रोग्याचे काय झाले, हा प्रश्न येथे विचारला गेला आहे. १८२७ च्या सुमारास हिंदुस्थानातील एका राजाच्या दरबारी हा प्रश्न इतक्या नेटाने विचारला जात होता ही गोष्ट लहान नव्हे. डोळा उजेडात असतो, तो चित्रकाराला काढता येतो. बाळंतखोलीचे दार मात्र वैद्यालाही बंद होते आणि चित्रकारालाही.

परंतु तंजावरची दुसरी बाजू, धर्मशाळेची, ती या दारापर्यंत गेली होती, आणि ती हकीकत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

तंजावरच्या राजांनी तंजावरपासून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर अन्नछत्रे बांधली होती. तमिळ देशात त्यांना ‘छत्रम्’ म्हणतात. बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत: नीडामंगलमला यमुनांबेचे छत्र आहे, आणि ओरत्तनाडूला सरफोजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने बांधलेले भव्य छत्र आहे. रामेश्वराची यात्रा हिंदुस्थानच्या चारी कोपऱ्यांतून चाले. काशीची गंगा रामेश्वरावर घालावयास निघालेले गोसावी असत, विधवा असत, आणि पोटी संतान व्हावे म्हणून सेतूचे दर्शन घेण्यास निघालेली जोडपीही असत. महिनोन्महिने पायी चालणाऱ्या या लोकांत एखादी बाई वाटेतच दिवस भरून अडली तर तिने कोठे जावे?

१७९९ च्या तहानंतर या छत्रांना तोडून दिलेल्या गावांचे उत्पन्न कंपनीकडे जाण्याचा प्रसंग आला. तेव्हा १८०१ साली सरफोजीने रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिले. राज्य गेल्याबद्दल त्या पत्रात तक्रार नाही. छत्रांत काय काय चालते याचे त्यात तपशीलवार वर्णन आहे आणि ते चालू राहू द्यावे अशी कळवळून केलेली विनंती आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळते. आजाऱ्याला औषध आणि पथ्य मिळून तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होते. अनाथ मुलांना शिक्षकाच्या हाती सोपवून त्यांचे खाणेपिणे, अभ्यंग आणि कपडे पाहिले जातात. आणि गर्भवती स्त्रियांना तेथे ममतेने वागविले जाते. छत्रात असता त्यांना कळा लागल्या तर प्रसूतीचा खर्च छत्र करते, लागणारी औषधे पुरविते, आणि बाळंतपणानंतर तीन महिने त्यांना तेथे राहू दिले जाते. या दानधर्मामुळे तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या राज्याला मिळालेली हीच सर्वांत मोठी पदवी आपण समजतो, असे या राजाने लिहिले आहे. ज्याच्याजवळ सैन्य उरले नाही, वसुली उरली नाही, न्यायाची सत्ताही किल्ल्याच्या भिंतीपुरती उरली, त्याने शेवटचा आग्रह धरला तो परक्या बाळंतिणीच्या तीन महिन्यांच्या निवाऱ्यासाठी. मराठ्यांच्या इतिहासात लढाया पुष्कळ आहेत. त्यांच्या तुलनेत हा तह लहान दिसतो खरा, पण तो वाचून मन भरून येते.

तीन महिने हा काळही विचार करण्यासारखा आहे. बाळंतिणीच्या अंगात पुन्हा चालण्याची ताकद येण्यास आणि अर्भक प्रवास सोसण्याइतके धरण्यास लागणारा हा वेळ आहे. जन्मल्यानंतरचे पहिले दिवस आणि पहिले आठवडे मुलाच्या दृष्टीने सर्वांत कठीण असतात, हे आजचे आकडेही सांगतात. छत्राचा नियम करणाऱ्याने आकडे मांडले नसतील. पण त्याने बाळंतिणी पाहिल्या होत्या.

छत्रात जी सुईण येई तिच्यापुढे पायाळू मूल आले तर काय होई? येथे थोडे यंत्रशास्त्र समजून घेतले पाहिजे. मुलाचे डोके हा त्याच्या शरीराचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग. ते अगोदर आले तर कळांच्या जोराने हळूहळू आकार घेते, वाट रुंद करते, आणि मागचे धड सहज सुटते. पायाळू मुलात हा क्रम उलटतो. लहान भाग अगोदर येतात. पाय दिसले, कंबर आली, म्हणून घरच्यांना वाटते की झाले. आणि खरे संकट तेथून पुढे सुरू होते. नाभीपर्यंत अंग बाहेर आले की नाळ डोके आणि आईचे हाड यांच्यात दाबली जाते. मुलाला आईकडून रक्त मिळेनासे होते आणि श्वास तर अजून घेता येत नाही. आता वेळ मिनिटांत मोजावयाचा असतो. अशा वेळी पाहणाऱ्याला एकच सुचते: ओढा. आणि ओढणे हेच बहुधा घातक ठरते. ओढल्याने मुलाचे हात डोक्याच्या बाजूने वर जातात, हनुवटी छातीवरून उचलली जाते, आणि जे डोके वाकून निसटले असते ते ताठ होऊन अडकते. म्हणून जगभरच्या प्रसूतिशास्त्रात पायाळू मुलाविषयी पहिला धडा हात न लावण्याचा दिला जातो. कळांनी मूल आपोआप खाली येऊ द्यावे, पाठ वरच्या बाजूस राहील एवढे पाहावे, आणि मान दिसू लागल्यावर मगच डोक्याची व्यवस्था करावी.

ती व्यवस्था युरोपात सतराव्या शतकात फ्रान्सच्या मोरिसो या शल्यवैद्याने ग्रंथात लिहून ठेवली. मुलाचे धड वैद्याने आपल्या हातावर घोड्यावर बसविल्याप्रमाणे घ्यावे, बोटांनी जबडा व गाल धरून हनुवटी छातीकडे वाकवावी, दुसऱ्या हाताने खांदे आणि डोक्याची मागची बाजू सांभाळावी. अठराव्या शतकात स्मेली या स्कॉटिश वैद्याने चिमट्याने मागून येणारे डोके काढण्याची रीत सांगितली. त्यापूर्वी सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे याने आडवे मूल आतल्या आत फिरवून पायांनी काढण्याची प्राचीन ग्रीक-रोमन रीत पुन्हा प्रचारात आणली होती. म्हणजे इतर वाट नसली तर पायाळू जन्म मुद्दाम घडवून आणणे हाच एके काळी बचावाचा उपाय होता. पोट फाडून मूल काढणे हा मार्ग सरफोजीच्या काळी युरोपातही जवळजवळ आईच्या मृत्यूचाच मार्ग होता. भूल १८४७ साली बाळंतपणात आली, जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ नंतर, आणि गर्भपिशवीची जखम नीट शिवण्याची पद्धत १८८२ साली जर्मनीच्या झेंगर याने रूढ केली. तोवर सिझेरियनचे नाव घेण्यास वैद्य भीत.

मूल पायाळू का येते, हा प्रश्न सुइणींनीही विचारला असेल. ग्रहणात काही कापले, आईने वाईट पाहिले, अशी उत्तरे दिली गेली आणि दोष बाईच्या पदरात घातला गेला. खरे उत्तर साधे आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास चार मुलांतील एखादे पायाळू स्थितीत असतेच. पुढे डोके जड होते, जागा अपुरी पडते आणि मूल फिरते. दिवस पूर्ण भरले असता शंभरांत तीन-चारच तसे राहतात. म्हणून जे मूल दिवस भरण्याआधी येते ते पायाळू असण्याचा संभव अधिक. जुळे असले, वार खाली असली, गर्भजल फार किंवा फार थोडे असले, गर्भपिशवीचा आकार निराळा असला किंवा मुलातच काही व्यंग असले, तरीही ते फिरत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पायाळू मुलांत मृत्यू अधिक दिसतात त्यांतील सगळे जन्मण्याच्या रीतीमुळे नसतात. पुष्कळ वेळा ज्या कारणाने मूल पायाळू राहिले त्याच कारणाने ते नाजूकही असते. त्यातून अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे धड डोक्याच्या मानाने बारीक असते. ते अर्धवट उघडलेल्या गर्भाशयमुखातून निसटते आणि डोके मागे अडकते. अकाली प्रसूती टाळणे हा म्हणूनच पायाळूपणाच्या संकटावरचा एक मोठा इलाज. मधल्या महिन्यांत वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला टाका घालण्याची रीत गोव्यातील शिरोड्याचे सुपुत्र डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी शोधून काढली. त्यांचा १९५५ सालचा लेख मद्रासहून निघणाऱ्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला, आणि ‘शिरोडकरांचा टाका’ जगभर गेला.

तंजावरात राज्य गेल्यावरही रुग्णसेवेचा वारसा खंडित झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जे रुग्णालय उभे राहिले त्याचे नाव ‘राजा मिरासदार’ असे आहे. राजा हा शब्द मराठ्यांच्या राजधानीची आठवण ठेवणारा आणि मिरासदार हा शब्द कावेरीकाठच्या जमीनदारांचा. दोघांच्या दातृत्वाची ती खूण. तंजावर वैद्यकीय महाविद्यालय १९५९ साली निघाले तेव्हा हे रुग्णालय त्याला जोडले गेले, आणि पुढे ते मुख्यतः स्त्रिया आणि बालके यांचेच रुग्णालय झाले. जवळच्या पुदुकोट्टईत जन्मलेल्या मुथुलक्ष्मी रेड्डी १९१२ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि बालविवाहाविरुद्ध आयुष्यभर झगडल्या, हेही या प्रदेशाच्या इतिहासात येते. हाडे पुरती वाढण्याआधीच बाळंत होणाऱ्या मुलीला काय भोगावे लागते ते पुस्तकात वाचून त्यांना कळलेले नव्हते.

सरफोजीच्या टिपणांतला प्रश्न, म्हणजे उपचारानंतर काय झाले हा प्रश्न, पायाळू मुलांच्या बाबतीत जगाने पद्धतशीर विचारला तो विसाव्या शतकात. १९५० नंतर व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरणीने जन्मल्याबरोबर मुलाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल आणि प्रतिसाद यांना गुण देण्याची सोपी पद्धत घालून दिली. कोणत्या मुलाला किती सोसावे लागले ते त्यामुळे एका आकड्यात सांगता येऊ लागले. पुढे २००० साली २६ देशांतील १२१ रुग्णालयांतील दोन हजारांवर पायाळू गर्भांच्या मातांवर केलेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ठरवून सिझेरियन केलेल्या गटात मृत्यू किंवा गंभीर इजा शेकडा १.६ मुलांत झाली, आणि नैसर्गिक मार्गाने प्रसूती ठरविलेल्या गटात शेकडा ५ मुलांत. एका निबंधाने जगाची रीत इतक्या लवकर बदलल्याचे उदाहरण वैद्यकात विरळा. वर्षा-दोन वर्षांत देशोदेशी पायाळू म्हणजे शस्त्रक्रिया, हे समीकरण झाले.

तथापि गोष्ट तेथे संपली नाही. त्याच मुलांची दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू व वाढीतील दोष यांचा फरक उरला नव्हता. आणि फ्रान्स व बेल्जियम येथील २००६ सालच्या अभ्यासात, जेथे निवड कडक आणि हात सरावलेले होते, तेथे दोन्ही मार्गांच्या परिणामांत लक्षणीय तफावत आढळली नाही. पोटावरून हलक्या हाताने मूल फिरविण्याची जुनी रीत पुन्हा पुढे आली. जाणत्या हाती ती सुमारे निम्म्या वेळा यशस्वी होते. दरम्यान शस्त्रक्रियेची दुसरी बाजू दिसू लागली. गर्भपिशवीवरचा व्रण पुढच्या बाळंतपणात धोका बनून राहतो, आणि तरुण डॉक्टरांच्या हातून पायाळू मूल सोडविण्याची विद्या निसटत चालली आहे. तमिळनाडूत २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार जवळजवळ सर्वच, म्हणजे शेकडा ९९.६ बाळंतपणे रुग्णालयांत होतात, आणि त्यांतील शेकडा ४५ च्या आसपास सिझेरियनने. जन्मल्यापासून महिन्याच्या आत जाणारी मुले तेथे हजारी तेराहून कमी आहेत. साऱ्या देशाचा हाच आकडा त्या पाहणीत हजारी पंचवीसच्या जवळ होता. छत्रातील तीन महिन्यांपासून येथवरचा पल्ला मोठा आहे. परंतु एखादी बाई पाय दिसत असतानाच दारात येऊन पोहोचली तर शस्त्रक्रियेला वेळ नसतो, आणि तेव्हा मोरिसोचा किंवा सुश्रुताचा हात ज्याला येतो तोच उपयोगी पडतो.

परवानगीचा नियमही कायम आहे. मात्र आता ती अधिपतीकडे मागत नाहीत. दोन्ही मार्गांचे धोके समजावून सांगून जिचे बाळंतपण आहे तिचीच सही घेतात.

आणि पायाळू मुलाविषयी एक गोष्ट जुन्या लोकांच्या ध्यानी आली नव्हती. गर्भात पाय वर करून बसलेल्या मुलांत, विशेषतः मुलींत, खुब्याचा सांधा सैल राहण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. वेळीच ओळखला तर काही आठवडे पट्टा बांधून तो बरा होतो. न ओळखला तर मूल जन्मभर लंगडते. म्हणून पायाळू मूल सुखरूप जन्मले, आईच्या कुशीत गेले, सगळ्यांनी पेढे वाटले, तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याला पुन्हा बोलावून खुबे तपासतात. ज्या पायाच्या लाथेने दुसऱ्याची उसण जाते असे लोक म्हणत आले, त्या पायाची विचारपूस डॉक्टर अशी आधी करून घेतात.